मुद्दा क्रमांक सहा

नगरपरिषदेचा निकाल लागून महिना होत आला. गुलाल धुऊन झाला, फ्लेक्स उतरले, पडलेले उमेदवार पुन्हा लग्नकार्यात दिसायला लागले. आता झेडपी आणि पंचायत समितीचं वातावरण तापतंय. त्याच्या आधी ही पोस्ट टाकायची होती. नऊ वर्षं मनात आहे. लांब झालीय, सवडीने वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या.

शिरूर-दौंड पट्ट्यात मी वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वाटायचं, निवडणूक म्हणजे सभा, भाषणं आणि जाहीरनामा. पहिल्याच निवडणुकीत कळलं की सभेला गर्दी असते आणि ठरतं दुसरीकडंच. तेव्हापासून दर निवडणुकीला पुण्याच्या डेस्कवरून एक प्रश्न ठरलेला येतो, "बाजारपेठ कुणाच्या मागं आहे?" मी दर वेळी काहीतरी ठोकून देतो. खरं उत्तर बातमीत बसत नाही. बाजारपेठ सगळ्यांच्या मागं असते.

हे मला एका किराणा दुकानदाराने फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. पुड्या बांधता बांधता म्हणाला, "साहेब, निवडणूक झाली की तुम्ही दुसऱ्या बातमीला जाता. माझं दुकान तिथंच असतं. निवडून आलेला रोज माझ्या दुकानावरून जाणार, पडलेला पण जाणार. दोघांच्या घरचा महिन्याचा किराणा माझ्याकडं. मी नाही कुणाला म्हणू?" त्याच्या प्रभागात त्या वेळी चार उमेदवार होते. एकाला त्याने अकरा हजार दिले, दुसऱ्याला पाच. तिसऱ्याच्या कार्यकर्त्यांना आठ दिवसांचे पोहे, साखर, चहापत्ती उधारीवर. चौथ्याला नुसतंच "आम्ही तुमचेच आहोत" म्हणाला. चौथा निवडून आला, ते सोडा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, व्यापारी पैसे देतात आणि कामं करून घेतात. काहींच्या बाबतीत ते खरं आहे. पण रस्त्यावरच्या शंभर दुकानांपैकी बहुतेकांसाठी निवडणुकीची वर्गणी ही गणपती, शिवजयंती, दहीहंडी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या वर्गणीसारखीच एक पावती असते. फरक इतकाच की हिची पावती मिळत नाही. दुकानदार ती देतो कारण न दिल्याची आठवण ठेवली जाते. दिल्याची ठेवलीच जाईल असं नाही.

आणि रोख हा त्यातला लहान भाग आहे. खरी मदत उधारीत असते. हे मला २०१६ ला नीट दिसलं. आठवतंय का, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि पुणे-लातूर जिल्ह्यातल्या नगरपालिकांचं मतदान होतं १४ डिसेंबरला. ऐन प्रचाराचा महिना, आणि सगळे उमेदवार एटीएमच्या रांगेत. दोन हजाराची गुलाबी नोट हातात, सुट्टे नाहीत. लोक म्हणत होते यंदा निवडणूक कोरडी जाणार. कसली कोरडी? प्रेसवाल्याने पत्रकं छापून दिली, मांडववाल्याने मांडव घातला, जीपवाल्याने गाड्या दिल्या, हॉटेलवाल्याने वडापाव पाठवले. सगळं वहीत. एका प्रेसवाल्या मित्राची वही मी स्वतः बघितलीय. सात उमेदवारांची नावं, पुढं आकडे, आणि निकालानंतर चार नावांवर पेन्सिलीने रेघ. पडलेल्याची उधारी बुडते, हा या धंद्यातला नियम आहे. निवडून आलेल्याचीही बुडते, पण ती वेगळ्या पद्धतीने वसूल होते.

या वेळी तर गंमतच झाली. २ डिसेंबरला मतदान, ३ ला निकाल लागायचा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने काही ठिकाणचं मतदान २० ला होईपर्यंत सगळ्याच मोजण्या थांबवल्या आणि निकाल गेला २१ तारखेवर. यंत्रं गोदामात बंद, बाहेर पोलीस, आणि गावात एकोणीस दिवस कुणी कुणाचं बिल देईना. मांडववाला मला म्हणाला, "कोण नगराध्यक्ष होईल याचं टेन्शन नाही हो, कुणाकडं आधी जायचं त्याचं टेन्शन आहे."

आयोगाने या वेळी खर्चाची मर्यादा वाढवली होती. ब वर्गाच्या नगरपरिषदेत नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला ११ लाख २५ हजार, नगरसेवकाला साडेतीन लाख. उमेदवाराने खर्चाचा हिशेब द्यायचा, चहा-नाश्त्याचे दर ठरलेले. पण बाजारपेठ जे देते त्याला दरच नाही. रिकामा गाळा महिनाभर प्रचार कार्यालयाला दिला, त्याचं भाडं कुठल्या कॉलमात लिहिणार? गल्ल्यावर बसून दिवसभरात दोनशे गिऱ्हाइकांना सहज म्हटलेलं "यंदा अमक्याचं वारं दिसतंय", त्याचा दर काय?

आपल्या दोन गावांत तर व्यापारी नुसते मागं उभे राहिले नाहीत, पुढंही आले. शिरूरला रसिकलाल धारिवाल अनेक वर्षं नगराध्यक्ष होते. घरचा विडीचा छोटा धंदा वाढवत त्यांनी माणिकचंदचं नाव देशभर नेलं, आणि तरी गावच्या नगरपालिकेत रस ठेवला. २०१६ ला शिरूर शहर विकास आघाडीच्या वैशाली वाखारे थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या. दौंडला प्रेमसुख कटारिया यांचं नागरिक हित संरक्षण मंडळ, आणि त्याच वर्षी शीतल कटारिया नगराध्यक्ष. दोन्हीकडं नावं बघा. शहर विकास. नागरिक हित. पक्षाचं नाव नाही, झेंड्याचा रंग नाही. आमच्या डेस्कला हे कधी कळलं नाही, ते दर वेळी विचारायचे, "म्हणजे नक्की कोणत्या पक्षाचे?" मला यात नवल वाटत नाही. ज्याच्या दुकानात सगळ्या पक्षांची माणसं येतात त्याला आघाडीच परवडते. शिवाय वरचे नेते बदलले, पक्ष फुटले, घड्याळ एकीकडं आणि तुतारी दुसरीकडं झाली, तरी आघाडीचा बोर्ड तोच राहतो.

गावाशी जुळवून घ्यायची ही सवय जुनीही आहे. आपल्याच तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात बाबासाहेब देशमुखांचं घर पाडायला लावलं. गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. पाणी बंद, न्हावी बंद, नोकर बंद. पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगा पेटला आणि आजूबाजूच्या गावांत खतं जाळली गेली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आजच्या दुकानदाराशी तिचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्या घरांमध्ये गाव नाराज होऊ द्यायचं नाही ही शिकवण अजून आहे. माझ्या वर्गातल्या एका मित्राचे वडील दुकान बंद करताना रोज विचारायचे, "आज कुणाशी वाद झाला का?" गल्ला मोजायच्या आधी हे.

नगरपालिकेत व्यापाऱ्याला एवढा रस का, याचंही एक कारण बदललंय. मी कॉलेजात असेपर्यंत गावाच्या वेशीवर जकात नाका होता. नाक्यावरचा कारकून आणि ट्रकचा ड्रायव्हर यांची भांडणं बघायला आम्ही सायकली लावून उभे राहायचो. जकात किती, कुणाला सूट, नाक्याचा ठेका कुणाला, हे सगळं नगरपालिकेच्या हातात. त्यामुळे व्यापाऱ्याचा प्रत्येक पैसा नगरसेवकाशी बांधलेला. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली आणि पालिका सरकारी अनुदानावर आली. वाटलं होतं की आता बाजारपेठेचा पालिकेतला रस कमी होईल. झालं उलटंच. आता भांडण मालावर नाही, जागेवर आहे. पालिकेच्या गाळ्यांचं भाडं, त्यांची मुदतवाढ, कुणाच्या नावावर गाळा आणि बसतो कोण, पार्किंग कुठं, रस्ता रुंद किती करायचा, आठवडे बाजार कुठं भरवायचा. दौंडला तर कुरकुंभ मोरी हा एकटा विषय कितीतरी निवडणुकांना पुरला. रेल्वेने गावाचे दोन भाग केलेत, मोरीत गाडी अडकली की पलीकडचं गिऱ्हाईक अलीकडच्या दुकानात येत नाही. इतका साधा हिशेब आहे.

(रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीच्या पट्ट्यातली तऱ्हा आणखी वेगळी. तिथं कामगार पुरवठा, भंगार, बस, कॅन्टीन आणि खोल्यांची भाडी यावर ग्रामपंचायतीच्या निवडणुका लढल्या जातात. त्यावर पुन्हा कधीतरी, आणि कदाचित दुसऱ्याच्या नावाने.)

आता मूळ गोष्ट.

२०१६ चीच निवडणूक. आमच्या भागातलं एक शहर, नाव लिहीत नाही. तिथल्या व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये मेळावा ठेवला. सगळ्या पॅनलच्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांना बोलावलं. मला कार्यक्रम मनापासून आवडला होता, हे आधी सांगतो. कुठल्या पक्षाची सभा नाही, शिवीगाळ नाही, घोषणा नाहीत. सचिवांनी टाईप केलेलं निवेदन वाचून दाखवलं आणि प्रत्येक उमेदवाराला पंधरा मिनिटं दिली. निवेदनात अकरा मुद्दे होते. कचरागाडी सकाळी दुकानं उघडायच्या आधी यावी. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृह असावं, कारण खेड्यावरून आलेली बाई खरेदी अर्धी टाकून परत जाते. पथदिवे, मोकाट जनावरं, घरपट्टीची वाढ. एकेक मुद्दा योग्य.

सहावा मुद्दा होता, मुख्य रस्त्यावरच्या हातगाड्या आणि पथारीवाले कायमचे हलवावेत. कुठं हलवावेत ते लिहिलेलं नव्हतं.

सगळ्या उमेदवारांनी अकराच्या अकरा मुद्दे मान्य केले. एकाने तर अकरावा वाचून व्हायच्या आत मान्य केला. टाळ्या झाल्या, जेवणं झाली. मग पाच-सहा मोठी माणसं आणि एकेक उमेदवार आळीपाळीने मागच्या खोलीत गेले. वधूपक्षाची खोली असते ना, ती. दहा-दहा मिनिटं. मी जिन्यात उभा होतो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी अंदाज लिहिणार नाही. बाहेर आल्यावर पदाधिकाऱ्यांपैकी एकाने खांद्यावर हात ठेवला. "मेळाव्याची बातमी मोठी येऊ द्या. फक्त त्या सहाव्या मुद्द्याचं आत्ता नको. मतदानाच्या आधी उगाच गैरसमज होतात." आवाजात धमकी वगैरे काही नव्हती. अगदी घरच्यासारखं सांगितलं.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी चार कॉलमात आली. 'व्यापाऱ्यांच्या प्रश्नांवर उमेदवारांची ग्वाही.' फोटोसकट. दहा मुद्दे दिले, सहावा गाळला. खोलीचा उल्लेख नाही. चार दिवसांनी त्या संघटनेची अर्धा पान जाहिरात आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो. मानधन असतं, तेही पेट्रोलला पुरत नाही. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस आणि निवडणूक, हे आमचे तीन हंगाम. त्या अर्ध्या पानाचं कमिशन मिळालं, त्यातून मुलीच्या शाळेची फी भरली. कुणी मला लाच दिली नाही. मी काही मागितलं नाही. सगळं इतकं सरळ झालं की त्यात चूक कुठं झाली ते मला दोन-तीन महिने कळलंही नाही.

मार्चमध्ये एका सकाळी गाड्या उचलल्या. त्या रस्त्यावर एक भाजीवाली मावशी बसायची. माझी आई तिच्याकडून पंचवीस वर्षं भाजी घ्यायची. मेथीची जुडी घेतली की वर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या, न मागता. तिच्या टोपल्या ट्रॅक्टरमध्ये टाकल्या होत्या. मी बातमी करायला गेलो होतो, हातात वही. ती रडत वगैरे नव्हती. टोपल्या मोजत होती. मला बघून म्हणाली, "त्या मीटिंगला तू होता ना रं दादा?"

तिला कुणीतरी सांगितलं होतं. अशा गोष्टी गावात राहत नाहीत, फक्त उशिरा पोचतात.

मी म्हटलं, होतो.

"मंग तुला ठाव होतं की. आम्हाला सांगायचं ना. मी त्यालाच मत दिलं. आमच्या सगळ्या गल्लीनं त्यालाच दिलं."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी बातमी केली, 'अतिक्रमणविरोधी मोहिमेने वाहतुकीला मोकळा श्वास.' हे शीर्षक डेस्कने दिलं, असं म्हणून मी बरीच वर्षं सुटत आलो. आतला मजकूर माझाच होता.

मावशी नंतर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत काही दिवस बसली. तिथं गिऱ्हाईक फिरकेना. मग तिने बसणं सोडलं, लोकांच्या शेतात खुरपायला जायला लागली. साठीच्या पुढं वय. आई गेली तेव्हा ती दहाव्याला आली होती. माझ्याशी नीट बोलली. ते जास्त लागलं.

गाड्या हलवायच्याच नाहीत असं माझं म्हणणं नाही. त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जात नव्हती, हे मीच चार वेळा लिहिलंय. दुकानदार भाडं भरतो, कर भरतो, लाईट बिल भरतो आणि त्याच्या दारातच गाडी लागते, हा त्याचा रागही खोटा नाही. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, पर्यायी जागा ठरवा, मगच हलवा असं आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असावेत, त्यातही एक तृतीयांश बायका, असं लिहिलंय. हे त्या हॉलमध्ये मी एकट्याने वाचलेलं होतं, असं समजू नका. तिथं दोन वकील बसले होते.

मला हळूहळू जे समजलं ते बाजार समितीकडं बघून समजलं. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याकडं बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या. तिथं १८ संचालक असतात. सोसायट्यांमधून ११, ग्रामपंचायतींमधून ४, व्यापारी-अडत्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. व्यापाऱ्याचा वाटा कायद्यातच लिहिलेला आहे, आणि त्याच्या शेजारी हमालाचाही. अडत्याला तोलाई-हमालीबद्दल काही म्हणायचं असेल तर ते त्याच टेबलावर, हमालाच्या प्रतिनिधीसमोर म्हणावं लागतं. भांडणं होतात, गटबाजी होते, मतदारांना सहलीला नेतात, सगळं होतं. बाजार समिती काही देवघर नाही. पण कोण कुणाच्या बाजूचा हे आंधळ्यालाही दिसतं.

नगरपरिषदेत व्यापाऱ्यांसाठी एकही जागा राखीव नाही. १९६५ च्या कायद्यात तर उलट आहे, परिषदेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध तो सदस्य राहू शकत नाही. कागदावर बाजारपेठ नगरपरिषदेत नाहीच. म्हणून ती वरच्या हॉलमध्ये असते. आणि हॉलमध्ये हमाल नसतो, भाजीवाली नसते, कोपऱ्यावरचा मोबाईल रिपेअरवाला नसतो. खरं तर साधा भाड्याच्या गाळ्यातला दुकानदारही नसतो, कारण त्याची वर्गणी लहान. 'व्यापारी' या नावाने जे बोलतात ते त्या रस्त्यावरच्या स्वतःच्या जागा असलेल्या पंधरा-वीस घरांचे कर्ते असतात. त्यांची मतं मोजली तर दीड-दोनशे. गाड्यावाल्यांची, त्यांच्या घरच्यांची मोजली तर कितीतरी जास्त. पण गाड्यावाल्याचं निवेदन टाईप कोण करणार?

नंतर पालिकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिला तेव्हा कुठं निवडणुकीचं चक्र हललं. त्या चार वर्षांबद्दल व्यापाऱ्यांमध्येच दोन मतं ऐकली. एक म्हणायचा, "बरं होतं, वर्गणी नव्हती." दुसरा म्हणायचा, "गटार तुंबली तर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर दोन तास बसायचं. नगरसेवक असता तर घरात घुसून शिव्या दिल्या असत्या." दोघेही एकाच लाईनीतले दुकानदार.

मागच्या नोव्हेंबरात त्याच संघटनेचा मेळावा, तोच वरचा हॉल. निवेदनात या वेळी नऊ मुद्दे. हातगाड्यांचा मुद्दा होता, चौथ्या क्रमांकावर, आणि भाषा सुधारलेली: 'फेरीवाला क्षेत्राची पुनर्रचना.' त्याच्या खाली गाळ्यांची मुदतवाढ आहे त्या भाड्यात करावी, असंही होतं. मी आता त्या पेपरला नाही, माझं स्वतःचं पेज चालवतो, तुम्ही ते वाचताच. मी निवेदनाचे फोटो काढले आणि संध्याकाळी नऊच्या नऊ मुद्दे जसेच्या तसे टाकले. एक ओळही स्वतःची लिहिली नाही. खाली फक्त कोणत्या उमेदवाराने कशाला हो म्हटलं ते.

रात्री साडेनऊपासून फोन. पहिला पदाधिकाऱ्याचा, तोच घरगुती आवाज, "हे गरजेचं होतं का?" मी म्हटलं, तुम्हीच वाचून दाखवलंत ना माईकवर. म्हणाला, "माईकवर वाचणं वेगळं, फेसबुकवर टाकणं वेगळं." या वाक्यावर मी बराच विचार केला. तो मुळात वाईट माणूस नाही. कोविडमध्ये त्याने दोन महिने रोज जेवणाची पाकिटं वाटली, मी स्वतः त्याच्याबरोबर फिरलोय. त्याला खरंच वाटतं की गावासाठी जे ठरवायचं ते चार शहाण्या माणसांनी बसून ठरवावं, त्याचा गवगवा करू नये. दुसऱ्या दिवशी तीन जाहिराती रद्द झाल्या. चौथ्या एकाने रद्द केली नाही, पण फोनवर म्हणाला, माझं नाव नको, नुसतं 'एक हितचिंतक' टाका.

दोन दुकानदार मात्र दुकानात बोलावून बोलले. दोघेही भाड्याच्या गाळ्यातले. त्यांना गाळ्यांच्या मुदतवाढीचा मुद्दा मेळाव्यात आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या नावावर गाळा नाही, ते मूळ गाळाधारकाला भाडं देतात, पालिकेच्या भाड्याच्या कितीतरी पट. मुदतवाढ झाली तर ती त्यांची होणार नव्हती. एक जण म्हणाला, "मी संघटनेचा सभासद आहे. दरवर्षी पावती फाडतो. हे मला तुमच्या पोस्टमधून कळावं?"

गाड्यावाल्यांनी चार दिवसांनी पिंपळाखाली बैठक घेतली. चाळीसेक माणसं असतील. निवेदन हाताने लिहिलेलं, वहीच्या पानावर, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. तीन मुद्दे. सर्वेक्षण करा. समितीची निवडणूक घ्या. जागा द्याल ती बाजारापासून चालत पाच मिनिटांच्या आत द्या. नगराध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांना बोलावलं होतं, दोघे आले. तिसऱ्याने पुतण्याला पाठवलं. ज्यांनी हॉलमध्ये चौथ्या मुद्द्याला हो म्हटलं होतं त्यांनीच इथंही तिन्ही मुद्द्यांना हो म्हटलं. तेव्हा एका फळवाल्या पोराने उभं राहून मोबाईलवर माझी पोस्ट काढली आणि विचारलं, "दोन्ही एकदम कसं करणार ते सांगा." उमेदवार म्हणाला, बसून मार्ग काढू. पोरगा म्हणाला, "बसायला आम्हाला पण बोलवा मग."

त्या दोघांतला एक जण आता नगराध्यक्ष आहे. दोन्ही निवेदनांवरची त्याची सही माझ्याकडं आहे. हॉलमधल्या निवेदनावर रबरी शिक्का आहे, पिंपळाखालच्यावर चहाचा डाग.

पहिली सर्वसाधारण सभा अजून व्हायची आहे. विषयपत्रिका आली की टाकतो इथंच. मावशीला मी मागच्या आठवड्यात भेटायला गेलो होतो. दोन्ही निवेदनं वाचून दाखवली, तिला वाचता येत नाही. ऐकून म्हणाली, "पाच मिनटात म्हणजे आपल्या मारुतीच्या देवळापतूर की त्याच्या पुढं?" मी म्हटलं, ते अजून ठरायचंय. म्हणाली, "देवळापतूर असंल तर मला सांग. टोपल्या हायेत अजून."